थंडरएग: जमिनीतून काढण्यापासून कापून झिलई देण्यापर्यंत, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ओरेगॉनला आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी माझं पहिलं थंडरएग, म्हणजे आत अकीक भरलेला अंड्यासारखा गोलसर दगड, खणून काढलं आणि तिथल्या तिथे हातोड्याने फोडलं. आत काय आहे ते बघायला धीर निघेना. तीन तुकडे झाले. आतला निळसर अकीक आरपार चिरला होता आणि चांदणीच्या आकाराच्या गाभ्याचा मधला भाग चुरा होऊन मातीत गेला. कोट्यवधी वर्षं अखंड राहिलेली वस्तू मी एका घावात घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

थंडरएग फोडायचं नसतं, कापायचं असतं. एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी माझ्यापेक्षा तुमची सुरुवात चांगली होईल. हिल्सबरो, बीव्हर्टन, पोर्टलंड भागात आपली बरीच मराठी कुटुंबं आहेत. सुट्टीत आईबाबा आले की त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न दरवर्षी पडतो. त्यांच्यासाठी आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी, मला जे चुकत चुकत कळलं ते क्रमाने लिहितो.

१. आधी ओळख करून घ्या

बाहेरून थंडरएग अगदी सामान्य दिसतं. तपकिरी किंवा राखाडी, गोलसर, अंगावर फोड आल्यासारखं. लहान असेल तर कवठासारखं, मोठं असेल तर मातीतून नुकत्याच काढलेल्या सुरणासारखं. बहुतेक लिंबापासून नारळाएवढी असतात, क्वचित त्याहून बरीच मोठी.

आपल्याला सह्याद्रीतल्या काळ्या दगडाची सवय. त्या बेसॉल्टमध्ये वायूचे बुडबुडे राहिले, त्यात पुढे अकीक, स्फटिक आणि झिओलाइट भरले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट किंवा सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले नमुने पाहिले असतील तर मी काय म्हणतोय ते कळेल. थंडरएग त्याचं लांबचं भावंड आहे, सख्खं नाही. ते बेसॉल्टमध्ये होत नाही. सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) भरपूर असलेल्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यात किंवा तापून घट्ट बसलेल्या राखेच्या थरात, म्हणजे रायोलाइटच्या कुळात होतं. थर थंड होताना त्यात गोळे तयार होतात, आतल्या वायूच्या दाबाने ते मधोमध फाटतात. मग सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहतं आणि त्या फटीत थरावर थर साचून अकीक, जास्पर, कधी ओपल तयार होतं. म्हणून कापल्यावर बाहेर तपकिरी कवच आणि आत चांदणीच्या आकाराचा रंगीत गाभा दिसतो. जिओड, म्हणजे आत स्फटिक वाढलेला दगडी गोळा, सहसा पोकळ असतो. थंडरएग बहुधा भरीव असतं, कधी मध्यभागी छोटी पोकळी राहते आणि तिच्यात स्फटिकांची टोकं चमकतात.

ओरेगॉनने १९६५ साली थंडरएगला राज्याचा अधिकृत खडक ठरवलं. नावामागे इथल्या मूळ रहिवाशांची म्हणून सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. माउंट हूड आणि माउंट जेफरसन या दोन शिखरांवर राहणारी गर्जनेची दैवतं भांडायला लागली की थंडरबर्ड पक्ष्यांच्या घरट्यातली अंडी चोरून एकमेकांवर फेकायची, तीच ही अंडी. खणायला जाताना गाडी माउंट हूडच्या खांद्यावरूनच जाते, तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

जायच्या आधी एक रविवार हिल्सबरोच्या राइस नॉर्थवेस्ट म्युझियममध्ये घालवा. कापून झिलई दिलेली थंडरएग डोळ्यांखालून गेली की आपण काय शोधतोय ते पक्कं होतं.

२. कुठे जायचं आणि केव्हा

नवख्या माणसासाठी माझं उत्तर एकच: प्राइनव्हिल. पोर्टलंडहून हायवे २६ ने साधारण तीन तास. तिथून पुढे ओचोको राष्ट्रीय वनात व्हाइट फर स्प्रिंग्ज आणि व्हिसलर स्प्रिंग्ज या दोन जागा थंडरएगसाठी प्रसिद्ध आहेत. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी इथे एक मोठा ज्वालामुखी स्वतःतच खचला, त्या वाइल्डकॅट माउंटन काल्डेराच्या राखेत ही अंडी घडली. मी स्वतः व्हाइट फर स्प्रिंग्जपासून सुरुवात करायला सांगेन, कारण व्हिसलरला लागूनच मिल क्रीक हे संरक्षित अरण्य आहे. खणता खणता सीमा ओलांडली गेली तर पंचाईत होते.

दुसरा पर्याय खासगी जमिनीचा. मॅड्रासच्या आसपासची प्रायडेची थंडरएग संग्राहकांमध्ये फार नावाजलेली आहेत, आत पिसासारखी नक्षी असलेली. खासगी जागेत पैसे भरून, वजनावर दर देऊन खणता येतं. पण अशा जागा मालक आणि हंगाम बदलला की बंद होतात. फोन करून, त्या दिवशी उघडं आहे ना हे विचारल्याशिवाय निघू नका.

काळ जूनचा उत्तम. त्याआधी वरच्या रस्त्यांवर बर्फ आणि चिखल. जुलैअखेरपासून वणव्यांचा हंगाम, तेव्हा काही रस्ते बंद होतात, शेकोटीवर बंदी येते, धुराने डोळे चुरचुरतात. सप्टेंबरअखेर पुन्हा बरा.

वाटेत वॉर्म स्प्रिंग्जची आदिवासी राखीव भूमी लागते. तिथे रस्त्याकडेला कितीही सुंदर दगड दिसला तरी उचलू नका. ती त्या लोकांची जमीन आहे आणि परवानगीशिवाय तिथून काही नेता येत नाही.

३. कागदपत्रं आणि परवानग्या

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण एकाच डोंगरावर चार वेगवेगळ्या मालकीच्या जमिनी असू शकतात. राष्ट्रीय वन एकाचं, शेजारचा माळ ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा म्हणजे बीएलएमचा (सरकारी जमिनी सांभाळणारं केंद्रीय खातं), त्यापलीकडे कुणाचं तरी कुरण, आणि मध्येच एखादा खाणदावा, म्हणजे तिथलं खनिज काढण्याचा कुणीतरी नोंदवलेला हक्क. खाणदाव्याच्या जागेवर कोपऱ्यांत खुंट किंवा पाट्या असतात. तिथले दगड दावेदाराचे.

म्हणून सरळ प्राइनव्हिलच्या वन कार्यालयात जा. बीएलएमचं कार्यालयही त्याच गावात आहे. तिथे हे विचारा:

- मी जातोय ती जागा आज खुली आहे का, रस्ता कसा आहे?
- परवाना लागतो का? माणशी किती वजन नेता येतं?
- आसपास खाणदावे कुठे आहेत?
- आगीचे निर्बंध कुठल्या पातळीवर आहेत?

नियम बदलतात, म्हणून कुणा मित्राने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्यावर विसंबू नका. बीएलएमच्या जमिनीवर अश्मीभूत लाकडाला रोज २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंड अशी ठरलेली मर्यादा आहे. थंडरएगसाठी कार्यालयाचाच शब्द घ्या. सगळीकडे लागू असलेल्या गोष्टी अशा: हातातली अवजारंच वापरायची, यंत्र नाही. नेलेला दगड स्वतःसाठी, विकण्यासाठी नाही. बाणाची टोकं, जुनी दगडी हत्यारं, हाडांचे जीवाश्म दिसले तर जिथे आहेत तिथे राहू द्यायचे. ते उचलणं गुन्हा आहे.

सोबत ठेवा: वाहन परवाना, वनखात्याचा मोटारींसाठीचा रस्ते-नकाशा (फुकट मिळतो), फोनवर आधीच उतरवून घेतलेला नकाशा, आणि गाडी भाड्याची असेल तर तिचा करार. हा शेवटचा कागद नीट वाचा. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांना कच्च्या रस्त्यावर न्यायची मुभा नसते आणि टायर फाटला तर सगळा खर्च तुमच्या अंगावर येतो.

४. सामान

कुदळ किंवा छोटा टिकाव, फावडं, एक पहार, छिन्नी आणि चांगल्या पोलादाचा भूगर्भवाल्यांचा हातोडा. दोन मजबूत बादल्या. प्रत्येकासाठी डोळ्यांचा चष्मा, म्हणजे संरक्षक गॉगल, नेहमीचा नव्हे. जाड हातमोजे, पायाची बोटं झाकणारे बूट, टोपी. पाणी माणशी किमान चार लिटर, कारण तिथे नळ नाही आणि फोनला रेंजही नाही. कुठे जातोय आणि केव्हा परतणार हे घरी कुणाला तरी सांगून ठेवा.

सुताराचा हातोडा नेऊ नका. त्याचं तोंड कठीण दगडावर आपटलं की लोखंडाचा कपचा उडतो. मी असा एक कपचा शेजाऱ्याच्या गालात रुतलेला पाहिला आहे. दोन बोटं वर असता तर डोळा गेला असता.

५. खणणं

पोचल्यावर लगेच कुदळ मारू नका. पंधरा मिनिटं नुसते फिरा. आधीच्या लोकांचे खड्डे दिसतील, त्यांच्या कडेला कवचाचे तुकडे पडलेले असतील. ते हातात घेऊन बघा. आत रंग आहे की नुसता राखाडी दगड? जिथल्या तुकड्यांत रंग, तिथल्या थरात अंडी चांगली.

वरची काळी माती आणि मुळं बाजूला केली की खाली फिकट, तुपकट चिकणमाती लागते, ती कुजलेली ज्वालामुखीची राख. अंडी त्यात बसलेली असतात. मातीत कुदळीचा आवाज ‘थप्’ येतो, अंड्याला लागली की ‘टण्’. आवाज बदलला की कुदळ खाली ठेवा. छिन्नीने भोवतालची माती कोरा, मग पहारीने हळू उचका. थेट अंड्यावर घाव घातला तर आत केसासारखी चीर जाते, ती बाहेरून दिसत नाही आणि पुढे कापताना अंडं दोन भलत्याच ठिकाणी फुटतं.

मागच्या वर्षी माझे बाबा आले होते. वय सत्तरीच्या पुढे, पण फावडं हातात घेतल्यावर शेतातलाच सराव. पहिलं अंडं निघालं तसं हातात फिरवत म्हणाले, “अरे, आपल्याकडे विहीर खणताना अशा गारा निघायच्या. आम्ही बांधावर फेकून द्यायचो.” मग बराच वेळ ते अंडं खाली ठेवेनात.

दोन गोष्टी कधीच करू नका. खड्ड्याच्या भिंतीत आडवं कोरत आत शिरू नका. वरची माती न सांगता बसते आणि ओल्या चिकणमातीचं वजन माणसाला हलू देत नाही. मुलांना तर खड्ड्याच्या काठाखाली बसूच देऊ नका. आणि निघताना खड्डा बुजवल्याशिवाय निघू नका. रात्री हरणं, गुरं त्यात पाय घालतात. लोकांनी उघडे टाकलेले खड्डे वाढले की अशा जागा सगळ्यांसाठीच बंद होतात.

६. धुणं आणि निवडणं

चिकणमाती गाडीत वाळली की सिमेंटसारखी धरते, म्हणून शक्य तेवढी तिथेच खरवडून काढा. घरी बादलीत रात्रभर भिजत घाला, सकाळी ताठ ब्रशने घासा. पाणी मोरीत ओतू नका, अंगणात ओता.

आता एकेक अंडं तपासा. साधारण एकाच आकाराची दोन अंडी दोन हातांत घ्या. एक लक्षात येण्याइतकं हलकं असेल तर आत पोकळी असण्याची शक्यता, म्हणजे कदाचित स्फटिक. खाऱ्या बिस्किटासारखं भुसभुशीत असेल तर ते सोडा, कापताना विस्कटतं. ओलं करून उन्हात धरा. कडेची ओल पटकन सुकते, पण चिरेतली ओल रेघेसारखी मागे राहते. अशी रेघ दिसली तर खडूने खूण करून ठेवा.

७. कापणं

घाई आणि अज्ञान सगळ्यात जास्त नुकसान इथेच करतं, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो.

आधी धुळीबद्दल. कोरडं कापणं पूर्ण वर्ज्य. हातातल्या ग्राइंडरने, गॅरेजमध्ये, “एकच तर आहे” म्हणूनही नाही. अकीक म्हणजे निव्वळ सिलिका. तिची बारीक धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. गुजरातमधल्या खंभातला अकीकाचा धंदा फार जुना. तिथे मणी घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिसने, म्हणजे याच धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराने, गाठलं आणि अनेक घरांतली कमावती माणसं गेली. आपला छंद आहे, पोट त्यावर नाही. पाणी किंवा तेल लावल्याशिवाय पातं दगडाला टेकवायचं नाही.

करवत कोणती? दगड कापायच्या पात्याला दात नसतात, कडेला हिऱ्याची कणी बसवलेली असते. पात्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश खोलीपर्यंतच ते कापतं. म्हणजे १० इंची पात्यावर तीन-साडेतीन इंचाचं अंडं जातं. फरशी कापायची ७ इंची ओली करवत दुकानात स्वस्त मिळते, पण तिच्यावर दोन इंचापेक्षा मोठं अंडं घेऊ नका. दोन्ही बाजूंनी कापून मध्ये जुळवायचा प्रयत्न केला तर पायरी पडते, ती घासून काढण्यात आठवडा जातो. आणि गोल दगड हाताने धरून पात्यावर ढकलणं धोक्याचं आहे.

पहिल्या वर्षी करवत विकत घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे बऱ्याच गावांत दगडप्रेमींचे क्लब आहेत, वर्षाची वर्गणी थोडी असते आणि त्यांच्या कार्यशाळेत मोठी करवत, घासायची यंत्रं आणि शिकवणारी माणसं असतात. घाई असेल तर दगडांच्या दुकानातून कापून घ्या, बहुतेक ठिकाणी इंचावर दर असतो.

क्लबमध्ये कापणार असाल तर खरी कसब लागते ती अंडं धरण्याची. शिकंज्याचे जबडे सपाट, अंडं गोल. नुसतं आवळलं तर ते दोन-तीन बिंदूंवर तोलून राहतं आणि पातं अर्ध्यात गेल्यावर फिरतं. माझ्या हातून असंच झालं. कडकन आवाज आला, मी यंत्र बंद केलं तोवर पातं बशीसारखं वाकलं होतं. नव्या पात्याचे पैसे मी भरले. तिथल्या एका निवृत्त यंत्रकारागिराने मग मला जे दाखवलं ते असं: अंड्याच्या दोन्ही बाजूंना मऊ लाकडाच्या पाचरी द्यायच्या, त्या दगडाच्या उंचसखल भागात चांगल्या रुतेपर्यंत शिकंजा आवळायचा. मग अंड्याला दोन्ही हातांनी धरून, ढकलून, पिळून बघायचं. केसभर हललं तरी पुन्हा सुरुवात. फारच वेडंवाकडं अंडं असेल तर ते आधी लाकडी ठोकळ्यावर प्लास्टरमध्ये बसवायचं, एक रात्र सुकू द्यायचं आणि मग ठोकळाच शिकंज्यात धरायचा. माझी मोठी अंडी मी आता याच पद्धतीने कापतो.

काप कुठून घ्यायचा? अंड्याच्या अंगावर बहुतेकदा कंगोरे असतात. आतल्या फटींची टोकं अनेकदा त्या कंगोऱ्यांखालीच येतात. म्हणून मी खडूने अशी रेघ मारतो की ती जास्तीत जास्त कंगोऱ्यांना छेदत मधून जाईल, म्हणजे चांदणी पुरी दिसायची शक्यता वाढते. आधी भिजवून दिसलेली चीर असेल तर रेघ तिला आडवी घ्या. चिरेच्या रेषेत काप घेतला तर पातळ फाळ सुटून पडतो. तरीही आत काय निघेल हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. जाणकारांचीही अर्धी अंडी साधी निघतात.

मोठ्या करवतीत खनिज तेल असतं. झाकण लावूनच चालवायचं, कारण तेलाचा बारीक फवारा हवेत राहतो. काप संपल्यावरही झाकण लगेच उघडू नका, दोन-चार मिनिटं थांबा. पातं दगडाला अलगद भिडवा, पहिली खाच पडेपर्यंत अगदी सावकाश, नाहीतर गोल पाठीवरून ते घसरतं आणि वाकतं. आवाजाकडे कान ठेवा. एकसारखी घरघर म्हणजे ठीक. सूर उतरला म्हणजे दाब जास्त झाला. शेवटचं पाव इंच सगळ्यात नाजूक असतं. तिथे घाई केली की टवका उडून कडेला टोक राहतं.

काप पूर्ण झाला तरी दोन्ही भाग तेलाने चिकटून राहतात. त्यांना ओढू नका, एकमेकांवरून सरकवून वेगळे करा. बाबांनी काढलेलं ते अंडं मी असंच सरकवलं. कवच चॉकलेटी. आत पाच टोकांची चांदणी, कडेला मोहरीच्या रंगाची कड, तिच्या आत दुधी निळ्या रेघा एकात एक, आणि अगदी मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी. भिंग लावून पाहिलं तर तिच्यात स्फटिकांची टोकं उभी होती.

८. तेल काढणं, घासणं, झिलई

तेल दगडात मुरू देऊ नका. कापल्याबरोबर मांजराच्या शौचपेटीतली कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा डब्यात घालून त्यात दोन दिवस पुरून ठेवा, मग भांड्यांच्या साबणाच्या गरम पाण्याने धुवा.

घासायला सिलिकॉन कार्बाइडची पूड लागते. मी ८०, २२०, ४००, ६०० अशा क्रमाने जातो आणि शेवटी सेरियम ऑक्साइडने झिलई देतो. थरथरणाऱ्या सपाट यंत्रावर प्रत्येक टप्प्याला एक-दोन दिवस लागतात. काचेच्या जाड तावावर हातानेही होतं, पण खांदे भरून येतात. ८० च्या टप्प्याला करवतीची प्रत्येक रेघ गेलीच पाहिजे. ती राहिली तर पुढच्या कुठल्याही पुडीने जात नाही, उलट झिलईनंतर जास्त उठून दिसते. पेन्सिलीने दगडावर जाळी काढा. ती सगळीकडे सारखी पुसली गेली तर पृष्ठभाग सपाट झाला.

दोन टप्प्यांच्या मध्ये दगड, यंत्र, हात, नखं, सगळं धुवा. ८० ची एक कणी ६०० च्या टप्प्यात गेली तर सगळी मेहनत पुन्हा. आणि उरलेला गाळ कधीही बेसिनमध्ये ओतू नका, नळीत तो दगडासारखा बसतो. डब्यात निवळू द्या, वरचं पाणी काढा, गाळ वाळला की पिशवीत बंद करून कचऱ्यात टाका.

९. मागे लिहून ठेवा

झिलई झाली की त्याच दिवशी कवचाच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या आणि तो सुकल्यावर काळ्या शाईने जागेचं नाव, तारीख आणि क्रमांक लिहा. वहीत त्याच क्रमांकासमोर खड्ड्याची खोली, मातीचा रंग आणि काप कोणत्या दिशेने घेतला ते लिहा. पुढच्या जूनमध्ये त्याच डोंगरावर उभं राहाल तेव्हा कुठल्या बाजूला खणायचं हे त्या वहीवरून ठरवता येतं. एका अंड्याचे दोन भाग होतात, म्हणून दोन्हीवर एकच क्रमांक घाला आणि पुढे अ, आ लावा. आमच्याकडचा १७-अ हिल्सबरोच्या खिडकीत आहे. १७-आ बाबांनी चेक-इनच्या सामानात, लोकरी मोज्यात गुंडाळून नाशिकला नेला.